ब्रेक खाली लागतो

ब्रेकचे पेडल दाबले की थोडे खाली जाऊन ते पायाला अडावे आणि गाडी थांबावी, याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून कोणी करत नाही. धडधाकट गाडीत ते निम्मी वाट उतरायच्या आतच घट्ट होते. ते अडायचे सोडून खाली खाली जाऊ लागले की त्या दुखण्याला गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक खाली लागतो’ म्हणतात. उत्तर गोव्यात, विशेषतः पेडणे आणि डिचोली तालुक्यांत, या दुखण्याच्या चार अवस्था मानाव्या लागतात. पहिल्या अवस्थेत ब्रेक ‘मातसो सकयल’, म्हणजे जरासा खाली, लागतो. दुसरीत तो दोनदा मारावा लागतो. तिसरीत पेडल मॅटला टेकते. चौथ्या अवस्थेला ‘देवाक काळजी’ असे नाव असून तिच्यात गाडीचा ताबा चालकाकडून ग्रामदेवतेकडे जातो. वैद्यकातल्याप्रमाणे इथेही पहिल्या अवस्थेतला उपचार सर्वांत स्वस्त पडतो, आणि वैद्यकातल्याप्रमाणेच पहिल्या अवस्थेत कोणी येत नाही.

पेडल का अडत नाही हे कळायला ते अडते कशामुळे हे आधी पाहावे लागते. पायाचा जोर तरफेने चार-सहा पट होतो, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर त्यात भर घालतो, आणि हा सगळा जोर मास्टर सिलिंडर नावाच्या मूठभर नळकांड्यातल्या पिस्टनला पुढे रेटतो. पिस्टनपुढे ब्रेक ऑइल असते. ते दाबाने आखडत नाही. त्यामुळे दाब पाइपांतून चारही चाकांशी पोचतो आणि तिथले पिस्टन पॅडना डिस्कवर, शूजना ड्रमवर रेटतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा सिद्धांत. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापून आला. पुढे पाचच वर्षांनी, १६६८ साली, शिवाजी महाराजांनी डिचोली तालुक्यातल्या नार्वे इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मात्र नार्व्याच्या फेरीधक्क्याचा उतार उतरताना गाडीवाल्याचा पाय पास्कलवर असतो आणि चित्त सप्तकोटेश्वरावर, एवढा संबंध मान्य करायला हवा.

सिद्धांत समजायला कचेरीचे उदाहरण सोपे. मंत्र्याने सचिवावर आणलेला दाब संचालक, मामलेदार, हेडक्लार्क असे करत शिपायापर्यंत कणभरही कमी न होता पोचतो. मध्येच हवेचा बुडबुडा असला की सगळे बिघडते. बुडबुडा म्हणजे साहेबाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा, ‘हो साहेब, लगेच’ म्हणणारा, अंग चोरून बसणारा आणि पुढे काहीच न कळवणारा कारकून. हवा आखडते, पाय खाली जातो, आणि चाकाला वार्ताही नसते. हवेखेरीज मोठी कारणे तीन. तेल कुठून तरी बाहेर गळते. किंवा मास्टर सिलिंडरमधले रबरी कप झिजून तेल पिस्टनच्या पुढून मागे निसटते. किंवा मागच्या ड्रममधले लायनर इतके झिजतात की शूजनी ड्रम गाठेपर्यंत पेडलची वाट संपते. कारणे अशी मोजकी आणि साधी असताना निदानाला अडीच वर्षे का लागतात, याचे उत्तर यंत्रात नाही. ते सीटवर बसलेले असते.

या दुखण्याचा मोठा गुण म्हणजे ते पाहुण्यासारखे हळूहळू मुक्काम वाढवते. पेडल एका रात्रीत चार बोटे खाली गेले असते तर मालक सकाळी चहा न घेता गॅरेजात पोचला असता. ते आठवड्याला केसभर जाते, आणि पाय तेवढाच केसभर त्याच्या मागे जातो. डिचोलीच्या बसस्टँडपाशी थांबायचे असेल तर व्हाळशीलाच पाय ब्रेकवर न्यावा, हे कोणी शिकवत नाही. ते आपोआप येते. शिवाय हल्लीच्या मोटारीत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. एकातले तेल गेले तरी दुसरा अर्धी चाके धरतो. ही सोय गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत न्यावी म्हणून केलेली असते. मालक तिचा अर्थ ‘अजून अर्धा ब्रेक शिल्लक आहे’ असा लावतो आणि तो दिवाळीपर्यंत पुरवायचे ठरवतो.

दुसऱ्या अवस्थेतली गाडी मेहुण्याला देतानाचा संवाद साधारण असा असतो:

‘ब्रेक कसा आहे?’

‘ए-वन. फक्त दोनदा मार.’

‘आणि एकदा मारला तर?’

‘एकदा कशाला मारशील?’

दोनदा मारणे म्हणजे पंपिंग. पहिल्या दाबाने पाइपांत थोडे जास्त तेल ढकलले जाते, दुसऱ्या दाबाने पेडल वरच्या वर घट्ट लागते, आणि दुखणे बरे झाल्याचा भास होतो. प्रस्तुत लेखकाच्या गाडीत ही अवस्था वर सांगितलेली अडीच वर्षे टिकली. तेवढ्या काळात घरातल्या सर्वांनी ही कला आत्मसात केली. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचाही उजवा पाय वळण आले की मॅटवर दोनदा हाले. याच काळात डॅशबोर्डवर एक लाल दिवा अधूनमधून लागू लागला. तो ऑइलची पातळी उतरल्याचाही असतो आणि हँडब्रेक ओढल्याचाही. त्यामुळे मालक हँडब्रेक एकदा वर, एकदा खाली करतो, दिवा विझत नाही, आणि ‘हा दिवा असाच आहे’ असा निष्कर्ष निघतो. त्यावर गणपतीचे स्टिकर लावण्याची पद्धत आहे. रात्री अस्नोड्याच्या अंधाऱ्या रस्त्यावर मागून लाल प्रकाश पडला की तो गणपती फार प्रसन्न दिसतो.

निदानाचा पहिला टप्पा सल्ल्यांचा. गायनात असतात तशी यातही घराणी आहेत, आणि त्यांतली दोन ठळक.

डिचोली घराणे हे टिप्परवाल्यांचे. डिचोलीच्या खाणींतला खनिजमाल धक्क्यांवर नेऊन बार्जमध्ये ओतणाऱ्या टिप्परांनी या तालुक्याला लाल धूळ आणि ब्रेकचे ज्ञान या दोन गोष्टी मुबलक दिल्या. २०१२ साली खाणी थांबल्या, सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ साली पुन्हा थांबल्या. टिप्पर अंगणात उभे राहिले, त्यांच्यावर भोपळ्याचे वेल चढले, पण चालवणाऱ्यांचे ज्ञान मोकळेच राहिले. अडचण अशी की टिप्परचा ब्रेक हवेचा. तिथे दाबलेली हवा हीच शक्ती. ती गळाली की स्प्रिंग ब्रेक धरून बसते आणि टिप्पर जागचा हलत नाही. मोटारीत नेमके उलटे. हवा गेली तर टिप्पर चालत नाही, हवा शिरली तर मोटार थांबत नाही. या फरकाकडे डिचोली घराणे तुच्छतेने पाहते. बॉनेट उघडायच्या आधीच निदान होते: ‘हवा कमी झालीय.’ हवा जास्त झाली आहे असे नम्रपणे सुचवले तर उत्तर मिळते, ‘मी बावीस वर्षे टिप्पर चालवलाय.’ या वाक्यापुढे पास्कलचेही काही चालत नाही.

पेडणे घराणे टॅक्सीवाल्यांचे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, तेव्हापासून या घराण्याची निदाने फार जलद होतात, कारण बोलणाऱ्याचे गिऱ्हाईक उतरायच्या बेतात असते. त्यांचा मुख्य सिद्धांत असा: ‘गाडी रिव्हर्सला घे, जोरात ब्रेक मार. आपोआप ॲडजस्ट होता.’ हे अगदीच खोटे नाही. काही गाड्यांतले मागचे ड्रम-ब्रेक मागे जाताना ब्रेक मारला की स्वतःची फट स्वतः भरून काढतात. इतरांत ते काम पुढे जाताना मारलेल्या ब्रेकने किंवा हँडब्रेक ओढण्याने होते. आपली गाडी कोणत्या जातीची हे आधी पाहावे, एवढाच भाग सल्ल्यातून गळतो. ज्या गाडीचा ब्रेक लागत नाही ती जोरात मागे घेऊन मग ब्रेक मारून पाहणे, यात एक तार्किक घोटाळा आहे, हे प्रस्तुत लेखकाच्या लक्षात आले, पण तोवर माड मागच्या बंपरपर्यंत आला होता. माडाला काही झाले नाही.

पुण्याहून सुट्टीला आलेल्या इंजिनियर भाच्याचे तिसरे घराणे आहे. ते ‘नवीनच घ्या ना’ या एका रागाच्या पलीकडे जात नाही.

सल्ल्यांपेक्षा फेरीबोट जास्त शिकवते. नार्वे ते दिवाडी या फेरीत गाडी चढवताना धक्क्याचा उतार, बोटीचे लोखंडी फळे, पुढे उभ्या दुचाक्या, त्यांच्यापुढे साखळी आणि साखळीपुढे मांडवी, असा क्रम असतो. बोटीवरचा माणूस हाताने बोलावतो: ‘यो, यो, यो... पुरो! पुरो!’ धडधाकट ब्रेक पहिल्या ‘पुरो’ला लागतो. दुसऱ्या अवस्थेतला ब्रेक दुसऱ्या ‘पुरो’ला लागतो, कारण पहिल्या ‘पुरो’ला चालकाने फक्त पहिला दाब दिलेला असतो. या दोहोंमधल्या हातभर अंतरात एका स्कूटरच्या मागच्या हुकाला बांगड्यांची पिशवी लटकत होती. प्रस्तुत लेखकाच्या बंपरने तिला हलकेच स्पर्श केला. स्कूटरवाल्याने आधी पिशवी, मग बांगडे, मग चालक असे क्रमाने पाहिले.

‘भाऊ, ब्रेक ना?’

‘आहे. दोनदा मारायला लागतो.’

‘मागीर पयलींच एकदां मारून दवरपाचो न्हय?’

एकदा आधीच मारून ठेवायचा: या सूचनेतले शास्त्र निर्दोष आहे. नदी ओलांडेपर्यंत बोटीवरच्या अकरा जणांनी त्यावर चर्चा केली. पैलतीरी गाडी उतरली तेव्हा चालकाला ब्रेक सोडून सर्व विषयांत सहानुभूती मिळालेली होती.

खरी तपासणी गाडी उभी असताना, सपाट जागी, पाच मिनिटांत होते. पहिली पायरी म्हणजे पेडलखाली काय आहे ते पाहणे. पावसाळ्यात मॅटवर कालचा पेपर अंथरायची चाल आहे; ओला झाला की त्यावर आजचा येतो. प्रस्तुत लेखकाच्या गाडीत जून ते सप्टेंबरपर्यंतच्या बातम्या, दोन मॅट, एक मोडकी छत्री आणि कोकमाची रिकामी बाटली असा ऐवज निघाला. तो काढल्यावर ब्रेक सुधारेल अशी सर्वांची खात्री होती. काढल्यावर पेडल आणखी दोन बोटे खाली गेले. इतके दिवस ते ज्यावर अडत होते तो ब्रेक नव्हता, पेपर होता.

दुसरी पायरी इंजिन बंद ठेवून करायची. पेडल पाच-सहा वेळा दाबायचे, म्हणजे बूस्टरमधला साठा संपून ते कडक होते. मग पाय तसाच दाबून अर्धा मिनिट धरायचा. पेडल जागेवर राहिले तर ठीक. पायाखालून ते कणाकणाने बसत गेले, आणि बाहेर कुठे ओल नसली, तर मास्टर सिलिंडरचे कप गेले असे समजावे. याच स्थितीत इंजिन सुरू केले की पेडल किंचित खाली जाते. हे बूस्टर जिवंत असल्याचे लक्षण आहे. पण आयुष्यभर ज्याने पेडलकडे लक्ष दिलेले नसते तो नेमका याच क्षणी ‘गेलं, गेलं!’ म्हणून ओरडतो.

दाबल्यावर पेडल पोयीसारखे, म्हणजे गोव्याच्या पावासारखे, मऊ लागले, आणि दाबत राहिले की फुगत्या पोयीसारखे वर येत गेले, तर आत हवा आहे. पहिल्याला खोल पण दुसऱ्या-तिसऱ्याला वर आणि कडक लागले, तर मागचे लायनर पाहावेत. दोन्हींतला फरक पायाला कळतो, तोंडाला सांगता येत नाही. म्हणून मेकॅनिक मालकाचे ऐकून घेतो आणि मग स्वतः सीटवर बसतो.

तिसरी पायरी गळतीची. ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीवर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते साहजिक आहे. भराभर उतरली तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसतो का, पेडलच्या वर डॅशबोर्डखाली ओल आहे का, हे पाहायचे. गोव्यात ही पायरी ऑक्टोबरनंतर करणे बरे. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात जून महिन्यात गाडीखालून काय गळते आहे, यापेक्षा काय गळत नाही हे सांगणे सोपे. जमलेल्यांपैकी प्रत्येक जण बोट बुडवून वास घेतो. एसीचे पाणी, रेडिएटरचे पाणी, इंजिन ऑइल आणि उर्राक ही काजूची दारू, अशी चार मते पडतात. शेवटचे मत एप्रिल-मे सोडून इतर महिन्यांत विचारात घेऊ नये. ब्रेक ऑइल बोटाला गुळगुळीत लागते, लवकर वाळत नाही आणि रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. चाखून पाहू नये, विषारी असते.

‘ऑइल’ हे त्याचे नाव बाजारात पडले आणि त्यापायी बरेच ब्रेक बसले. ते मुळात तेल नव्हे, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे. नावाला भुलून कोणी डबीत इंजिन ऑइल ओतले तर सगळी रबरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सर्व काही बदलावे लागते. घरातल्या ज्येष्ठांनी खोबरेल सुचवले होते, हेही नोंदवले पाहिजे. गुडघ्याला चालते ते पेडलला का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

या द्रवाची दुसरी खोड म्हणजे तो हवेतले पाणी पितो. नव्या डॉट ३ द्रवाला उकळायला किमान २०५ अंश लागतात, डॉट ४ ला २३०. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलायला सांगतात. हरमल-मोरजीकडच्या खाऱ्या हवेत त्याच्या जोडीला लोखंडी पाइप गंजतात, आणि डिचोलीकडे खाणीची धूळ कॅलिपरच्या रबरी टोप्यांत शिरते. म्हणजे कोणता तालुका कोणत्या बाजूने ब्रेक खातो हेही ठरलेले आहे. पाणी मुरलेल्या द्रवाची परीक्षा चोर्ला घाटात होते. बेळगावहून कुंदा आणि स्वस्त भाजी घेऊन साखळीकडे उतरणारा मालक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतो आणि वळणावळणाला ब्रेक चेपत येतो. चाके तापतात, आतले पाणी उकळते, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आखडते. पेडल अचानक तळाला जाते. मालक हँडब्रेक, गिअर आणि नवस या तिन्हींच्या जोरावर गाडी कशीबशी थांबवतो, अर्धा तास दगडावर बसतो. तोवर सगळे निवते आणि पेडल पुन्हा पूर्वीसारखे. साखळीच्या गॅरेजात पोचेपर्यंत तक्रार दाखवायला काही उरत नाही. दातांच्या डॉक्टरच्या दारात थांबणारी दाढ आणि गॅरेजच्या दारात लागणारा ब्रेक, दोन्ही एकाच कुळातले.

निदान पक्के झाले की दुरुस्ती. इथे वेळेचे एकक ‘फाल्यां’ हे आहे. त्याचा शब्दशः अर्थ उद्या असा असला तरी गॅरेजात तो ‘आज नाही’ एवढ्यापुरताच वापरतात. प्रस्तुत लेखकाची गाडी पेडण्याकडच्या एका गॅरेजात गेली. मेकॅनिकने सीटवर बसून पेडल एकदाच दाबले आणि विचारले, ‘भाऊ, पंपिंग करून किती वर्षे चालवली?’ हा प्रश्न वकिलाने साक्षीदाराला विचारावा तसा होता. ‘तसं फार नाही,’ या उत्तराची त्याने कुठेही नोंद घेतली नाही. निदान निघाले ते दुहेरी: कप गेलेले आणि मागचे लायनर कागदासारखे झालेले. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चरे पडल्यामुळे नुसते कप किट घालून भागणार नव्हते, अख्खे मास्टर सिलिंडर हवे होते.

ते म्हापशाला मिळते. म्हापशाचे दुकान दुपारी एकला बंद होते आणि साडेतीनला उघडते. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत दुकानापर्यंत पोचता येत नाही. आणि पोचल्यावर विचारतात, ‘गाडी अकरा सालची, पण जूनच्या आधीची की नंतरची?’ कंपनीने मध्येच सिलिंडरचा व्यास बदललेला असतो. पुस्तकातला चॅसिस नंबर घरी असतो. नंबर आणेपर्यंत पेडण्याची पुनव आली आणि गॅरेज दोन दिवस बंद राहिले. डिचोलीकडे हाच खोळंबा लईराईच्या जत्रेच्या सुमारास होतो, कारण हेल्पर देवीचा धोंड, म्हणजे भक्त, असतो आणि त्याचे व्रत चालू असते. दोन्ही कारणांपुढे गाडीवाल्याने तक्रार करायची नसते. चौथ्या अवस्थेत त्याच दैवतांनी गाडी सांभाळलेली असते.

सिलिंडर बसवले, लायनर बदलले, की उरते हवा काढणे. चाकावरच्या ब्लीडर निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडतात. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने, म्हणजे सहसा मागच्या डाव्याने, करतात. काही गाड्यांत कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो तो पाळावा. काम दोघांचे. सीटवरचा पेडल पंप करून दाबून धरतो, खालचा निप्पल सोडतो, बुडबुड्यांसह तेल बाहेर येते, निप्पल आवळल्यावरच सीटवरच्याने पाय उचलायचा. निप्पल उघडे असताना पाय उचलला तर नळीतून हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून. तीन शब्दांवर चालणारे हे काम आहे: दाब, धर, सोड.

हेल्पर जेवायला गेल्यामुळे सीटवर प्रस्तुत लेखकाला बसवण्यात आले. मेकॅनिक मागच्या चाकाशी आडवा.

‘दाब... दाब... दाब... धर! सोडला.’

निप्पल सोडल्याची ती बातमी होती. सीटवर ती आज्ञा म्हणून पोचली आणि पाय उचलला गेला. बाटलीतून ‘गुळुक’ असा आवाज आला.

‘पाय उचललात?’

‘तुम्हीच म्हणालात सोड.’

‘मी म्हटलं सोडला. मी सोडला. तुम्ही नव्हे.’

पुढच्या खेपेला ठरले की निप्पल सोडल्यावर ‘सोडला’ म्हणायचे नाही, ‘उघडला’ म्हणायचे. तेवढ्यात सीटवरच्या मालकाला फोन आला आणि तो ‘हां, सोड, सोड त्याला’ असे कोणाशी तरी बोलला. खाली मेकॅनिकने ते स्वतःसाठी समजून निप्पल उघडे ठेवले. चार चाकांना पाऊण तास लागतो असे पुस्तकात लिहितात. तीन तास लागले. दोन बाटल्या नवे ब्रेक ऑइल, अर्धी बाटली मेकॅनिकच्या बाहीवर. शेवटी जेवून आलेल्या हेल्परने मालकाला हाताला धरून उठवले, स्वतः बसला, आणि वीस मिनिटांत काम संपले. जुन्या सिलिंडरची हवा काढताना पेडल धाडकन तळाला आपटू नये, अशीही एक सूचना असते; एरवी पिस्टन कधी न पोचणाऱ्या गंजक्या भागावरून कप घासले जातात आणि चांगले कपही जातात. ती सूचना मेकॅनिकने दिली, सिलिंडर नवे आहे याबद्दल देवाचे आभार मानले, आणि पान्याने हळूच नव्या मालाची खोकी मालकाच्या पायापासून दूर सरकवली.

शेवटची पायरी रस्त्यावरच्या चाचणीची. आधी मोकळ्या जागी, कमी वेगात. मग उतारावर. पेडण्यात उतार म्हटले की मालपे. गाडी राष्ट्रीय महामार्गावरून खाली निघाली, डब्यातले तेल कमाल रेघेवर, पेडल वरच्या वर, लाल दिवा विझलेला आणि गणपती प्रथमच अंधारात. पुढे एक म्हैस रस्ता ओलांडायच्या विचारात उभी होती. प्रस्तुत लेखकाच्या पायाने अडीच वर्षांच्या शिस्तीने दोनदा मारायची तयारी केली आणि पहिल्यांदा मारला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरचे नारळ पुढे आले. म्हशीने विचार बदलला. दुसऱ्यांदा मारायला काही शिल्लकच नव्हते, तरी पायाने मारला.

मागून चाके घासल्याचा लांबलचक आवाज आला, आणि एका टॅक्सीने बंपरला, माडाने जिथे केला होता तिथेच, हलकासा स्पर्श केला. टॅक्सीवाला उतरला, दोन्ही बंपर वाकून पाहिले, आणि हात जोडण्याच्या आणि रागावण्याच्या मधल्या सुरात म्हणाला,

‘भाऊ, सांगून तरी मारायचा! माझा दोनदां लागता.’